खाणीवरची बर्नाबाय

आमच्या सरूला कुशीवर वळवायचं असलं की मी चादरीनं वळवायचो. शेवटचे महिने ती अंथरुणालाच खिळली होती. अंगाला हात लावला की कण्हायची. म्हणून तिच्याखाली घातलेली चादर एका बाजूनं गुंडाळत अंगाजवळ आणायची आणि मग सावकाश आपल्याकडे ओढायची. घरी येणारी नर्स मुलगी बघतच राहिली. म्हणाली, आजोबा, हे कुठे शिकलात? म्हटलं, बायकोनं शिकवलं. आणि आजींना कोणी? म्हटलं, बर्नाबायनं. कोण बर्नाबाय, असं तिनं विचारलंसुद्धा, पण तिची पुढची पेशंट बोरिवलीला वाट बघत होती. ती गेली निघून. सरूही गेली आता. घरात मी आणि ती चादर.

बर्नाबाय म्हणजे सिस्टर बर्नाडेट. खाणीवरच्या एकाही माणसाच्या तोंडात ते नाव बसलं नाही. मनोरीची किरिस्तांव, पण बोलणं आपलंच. ळ ला ल म्हणायची, ड ला कधीकधी र, मला ला मना म्हणायची. रंगानं काळीसावळी, हाडापेरानं शेतातल्या बाईसारखी, आणि पाय एवढे मोठे की सपातांतून बोटं बाहेर यायची. पांढरा झगा घातलेली बाई हळू चालते असं आम्हाला वाटायचं. ही चालायला लागली की मागून वाघ लागल्यासारखी. त्यांच्यात एकटीनं बाहेर पडायचं नाही असा नियम होता. म्हणून सोबतीला मंगळूरकडची एक कोवळी सिस्टर असायची, फिलोमिना नावाची. त्या बिचारीचा जन्म हिच्यामागे धापा टाकण्यात गेला.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. मी कॉन्व्हेंटची बैलगाडी हाकायचो. पाणी, सरपण, स्टेशनावरून येणारं सामान, सगळं माझ्या गाडीतून. अंधेरीहून जोगेश्वरीकडे जाताना एका पारशाचा जुना बंगला होता, त्यात ही शाळा सुरू झालेली. आधी म्हणे वऱ्हांड्यात चटईवर मुली बसायच्या आणि रात्री त्याच जागी सिस्टर झोपायच्या. मी लागलो तेव्हा पुढे दगडी इमारत उभी राहत होती. दगड आमच्याच खाणीतला. पुढच्या फाटकानं पैसेवाल्यांच्या मुली यायच्या, बूट-मोजे घालून, इंग्रजी शिकायला. मागच्या फाटकानं खाणीवरची पोरं यायची. त्यांच्यासाठी पत्र्याची शेड, फुकट मराठी शाळा आणि पावडरीचं दूध. ते दूध पोरांना मुळीच आवडायचं नाही. नाक धरून प्यायची. बर्नाबाय समोर उभी राहून बघायची आणि एखाद्यानं गुळणी टाकली की म्हणायची, "थुकलास तरी पोटात थोडा गेला ना? बस झाला."

मागची शेड तिची. पुढच्या इमारतीत तिला फारसं कोणी विचारत नसावं. इंग्रजी तिचं बेताचंच होतं. सगळ्यांच्या वर मदर होती, गोरी, उंच. कुठल्या देशाची ते मला कधी कळलं नाही. मला नेहमी "गाडीवाला" म्हणायची आणि बैलाला "मिस्टर". तेवढाच तिचा विनोद.

गुरुवारी शाळेला सुट्टी. त्या दिवशी औषधांची ट्रंक गाडीत चढवायची आणि दोघी सिस्टरना घेऊन टेकडीवर खाणीकडे जायचं. आमची झोपडी तिथंच, खाणीच्या कडेला. आम्ही मालवणकडचे. तिथं कुणी घाटावरचे, कुणी कोकणातले, कुणी पार हैदराबादेकडचे. कुणाच्या डोळ्यात दगडाची कपची, कुणाचं बोट चेचलेलं, पोरांच्या डोक्यात खांडकं. बर्नाबाय बाह्या वर करून बसायची. पू काढताना गप्पा मारायची. एकदा एका धटिंगणानं मलमपट्टीच्या वेळी आई गं म्हणून बोंब ठोकली तर म्हणाली, "आयला कशाला बोलवतंस, ती तिकडं चूल पेटवते. मी हाय ना."

एकदा सुरुंग लावायची वेळ आणि नेमकी एक बाई अडलेली. बर्नाबाय मुकादमाकडे गेली. म्हणाली, आज दुपारी बार उडवू नकोस. मुकादम तोंडाळ माणूस. म्हणाला, सिस्टर, तुम्हाला बाळंतपणातलं काय कळतं, तुमचं लग्न नाही नि पोर नाही. आम्हाला वाटलं, आता ही रडणार किंवा चिडणार. ती म्हणाली, "मना नाय कलत. तिला कलतं. चल, तिला इचार." आणि त्याचा दंड धरून झोपडीच्या दारापर्यंत घेऊन गेली. आतून त्या बाईनं मुकादमाच्या सात पिढ्या उद्धारल्या. त्या दिवशी बार उडाला नाही.

चादरीचं शिक्षण भागीरथी म्हातारीवर झालं. ती खडीच्या ढिगावरून पडली आणि कमरेतून गेली. पाठीला जखमा झाल्या. बायका तिला हातापायाला धरून उचलायच्या नि म्हातारी किंचाळायची. बर्नाबायनं सगळ्यांना बाजूला केलं. "माणसाला नाय खेचायचा. चादर खेचायची. माणूस आपसूक येतो." प्रत्येकीकडून करून घेतलं. सरूचा हात सगळ्यांत हलका. म्हातारी म्हणायची, सरू वळवते तेव्हा झोपसुद्धा मोडत नाही. बर्नाबाय गुरुवारची एकदाच यायची, मधले सगळे दिवस सरू वळवायची.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग चहाचं निघालं.

काम झालं की बायका चहा करायच्या. बर्नाबाय कप हातात घ्यायची, "पावला गो बाय" म्हणायची, म्हणजे पोचलं, आणि खाली ठेवून द्यायची. कधी घोट घेतला नाही. पाणीसुद्धा नाही. उन्हानं तोंड सुकलेलं असलं तरी नाही. आधी बायकांना वाटलं, लाजते. मग वाटलं, चहा आवडत नसेल. सरूनं एकदा शहाळं फोडून दिलं. तेही पावलं.

आमच्या जातीच्या हातचं पाणी गावात कोणी घेत नव्हतं. विहिरीवर आम्ही लांब उभं राहायचं, कोणीतरी वरून ओंजळीत ओतणार, तेव्हा प्यायचं. मुंबईत आलो ते ह्यातून सुटू असं वाटून. त्यामुळे सरूच्या ते वर्मी लागलं. चूल फुंकता फुंकता म्हणाली, "देवाक निवेद दाखवतत तसो हिका चाय दाखवूचो काय रोज?" शेजारची काशीबाई त्याहून वरचढ. म्हणाली, स्वतः बाटलेली ती, आणि आपल्या चहानं हिला विटाळ होतोय. त्यावर सगळ्या हसल्या. पण पुढच्या गुरुवारी निम्म्या बायका ट्रंकेजवळ आल्याच नाहीत. शिवणाच्या वर्गाला तर कोणीच नाही. बर्नाबाय पोत्यावर एकटी बसून होती, सुई-दोरा मांडून. फिलोमिना माळ ओढत होती. जाताना बर्नाबायनं मला विचारलं, आज कुणाकडे लग्नबिग्न हाय का. मी म्हटलं, असेल. मी तरी काय सांगणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कॉन्व्हेंटच्या फाटकात एक माणूस आला. अंगात कोट, पायात काही नाही. बर्नाबायचा भाऊ, इनास. आत बराच वेळ होता. बाहेर आला तो लालबुंद. मी फाटकाची बिजागरी ठोकत होतो. माझ्याशेजारी दगडावर बसला आणि ओळख ना पाळख, सगळं ओकून मोकळा झाला.

आई अंथरुणावर होती. डोळे गेलेले. पाठ सोललेली. दिवसरात्र एकच विचारायची, कातरीन कुठं हाय? बर्नाबायचं घरचं नाव कातरीन. मठात गेल्या दिवसापासून ती घराची पायरी चढली नव्हती. त्यांच्यात चढायची नसते. आई मरो, बाप मरो, लग्न असो. बाप मेला तेव्हाही ती इथंच होती. कुणाच्या घरी खायचं नाही, प्यायचं नाही, तोही नियमच. इनास म्हणाला, "गोरी काय बोलते म्हायती हाय? बोलते, माजी आय मेली तवा मी बी नाय गेली. मना पत्रानं कलला. आता हिला काय बोलायचा?"

मनोरी काही विलायतेत नव्हती. मालाडला उतरा, मार्व्याला जा, होडीत बसा, पलीकडे मनोरी. आमच्या खाणीच्या माथ्यावरून स्वच्छ दिवशी खाडीपलीकडची झाडी दिसते. दर गुरुवारी निघताना ती माथ्यावर उभी राहायची. मी आपला समजायचो, दम खाते.

मी घरी येऊन सरूला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी हलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आपल्यामुळे न्हय ता." दुसऱ्या दिवशी ती दारोदार जाऊन बायकांना सांगून आली. काशीबाईनं कानाची पाळी धरली.

गुरुवारी सगळ्या हजर. चहा कोणी केला नाही. सरू बर्नाबायसमोर जाऊन बसली आणि सरळ म्हणाली, मी जाते तुमच्या आईकडे. काय निरोप सांगू?

बर्नाबाय पट्टी गुंडाळत होती. ती गुंडाळून झाली, तरी परत उलगडली आणि परत गुंडाळली. फिलोमिना दुसरीकडे बघत होती, मुद्दाम. शेवटी म्हणाली, "निरोप नाय. आयची पाठ बग. तू वलव तिला. तुजा हात हलका हाय."

सरू गेली. मी गाडी सोडून जाऊ शकत नव्हतो, म्हणून काशीबाई सोबत गेली. संध्याकाळी परत आली. जेवली नाही. मग सांगितलं.

म्हातारीला तिनं धुतलं, पुसलं, चादरीनं वळवलं. म्हातारी कण्हलीसुद्धा नाही. तिनं चाचपून सरूचा हात धरला, मग हातावरून कमरेला चाचपलं, काष्ट्याला. सरू लुगडं नेसायची, नऊवारी. मनोरीच्या किरिस्तांव बायकाही लुगडंच नेसतात. कातरीन घर सोडून गेली तेव्हा लुगड्यातच गेली होती. म्हातारीनं तिला तशीच शेवटची पाहिलेली. म्हणाली, "कातरीन, आलीस गो? सोरला तुला?" आणि सरूच्या तोंडून निघून गेलं, आले.

मग म्हातारीनं सुनेला हाक मारून भात वाढायला लावला आणि चाचपडत आपल्या हातानं सरूला भरवला. सरू मला म्हणाली, "माझ्या जन्मात माका दुसऱ्याच्या घरात कोणी भरवूक नाय. मी खाल्लंय. मी 'मी ती न्हय' म्हणूक नाय. माझा चुकला काय?"

मी म्हटलं, तिलाच विचार.

पुढच्या गुरुवारी तिनं विचारलं. काही लपवलं नाही. बर्नाबायनं सगळं ऐकून घेतलं. काय भरवलं ते विचारलं. भात आणि बोंबलाचं कालवण. त्यावर मान हलवली. मग म्हणाली, "चांगला केलास. आता ती माजी वाट नाय बगणार." आणि उठून भागीरथीकडे गेली. तिला वळवायची वेळ झाली होती.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण गोऱ्या मदरच्या मनात काय आलं देव जाणे. इनास आला त्या दिवसापासून ती जेवत नव्हती असं स्वयंपाकीण सांगायची. एक दिवस ती वांद्र्याला मोठ्या पाद्र्याकडे गेली आणि परवानगी घेऊन आली. एकदाच. सोबत सिस्टर पाहिजे. खायचं-प्यायचं नाही, बसायचं नाही, सूर्य मावळायच्या आत परत. ट्रंक उचलायला मी.

बर्नाबायचं तोंड मी तेव्हा बघितलं. जत्रेला निघालेल्या पोरीसारखं, मोठं माणूस असं दिसत नाही. मार्व्याला ओहोटी होती, होडी लांब उभी. ती झगा उचलून चिखलातून अशी निघाली की न्यायला आलेला इनास हाका मारतोय आणि ती पुढे.

घर कौलारू, बुटकं. दारात जाळी वाळत घातलेली. फिलोमिना आत गेली नाही, ओट्यावर थांबली. मी ट्रंक घेऊन उंबऱ्यात. म्हातारी खाटेवर, एवढीशी. बर्नाबाय वाकली आणि तिच्या गालाला हात लावला. म्हातारीनं तो हात धरला. मग बाही चाचपली. खळ घातलेली, कडक. मग गळ्यातला क्रूस.

"मठातली काय?" म्हातारी म्हणाली.

"आय," बर्नाबाय म्हणाली.

"माजी कातरीन येऊन गेली. लुगरा नेसून आलती. माज्या हातानं जेवली. तू कोन गो?"

इनास पुढे झाला. आता तो सांगणार होता. बर्नाबायनं मागे न बघता हात आडवा केला. तो हात तसाच हवेत राहिला थोडा वेळ.

"मी तिची सोबतीन," ती म्हणाली.

"बरी हाय ना ती?"

"बरी हाय."

"मग तिला सांग, परत नको येऊ. लांब परतं. मी बगितली तिला. माजा झाला."

बर्नाबायनं बाह्या वर केल्या. पाठ बघितली. जखमा सुकत आल्या होत्या, सरूचं काम. तिनं चादर धरली आणि आईला कुशीवर वळवलं. इतक्या सावकाश मी कधी कुणाला वळवताना बघितलं नाही. म्हातारी म्हणाली, "तुजा हात बी हलका हाय गो. पन कातरीनसारका नाय."

भावजयीनं भात वाढून आणला. रीत म्हणून. बर्नाबायनं आपल्या आईच्या घरातली ती थाळी हातात धरली, "पावला" म्हणाली आणि खाली ठेवली. मी उंबऱ्यावरून बघत होतो. आम्ही ह्यालाच विटाळ समजलो होतो.

परतीच्या होडीत तिनं मधेच वाकून खाडीच्या पाण्यात हात बुडवला, तोंडावरून फिरवला. मग मला म्हणाली, "सरूला हा काय सांगायचा नाय."

म्हटलं, मग काय सांगू? ती विचारणार.

"सांग, आयनं वलखला. चांगला बाईनं केला, तिला त्याचा दुक नको."

सरू दारातच उभी होती. मी तेच सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. मग सगळ्या वस्तीला सांगून आली. सरू आता नाही, म्हणून हे कागदावर उतरतंय. ती असेपर्यंत ह्यातला एक शब्द माझ्या तोंडून गेला नाही.

म्हातारी त्याच आठवड्यात गेली. मातीला बर्नाबाय गेली नाही. परवानगी एकदाच होती, ती वापरून झाली होती. शेडमधली मुलं म्हणाली, सिस्टरनी पाढे घेतले.

त्यानंतर तिची बदली झाली. त्यांच्यात बदली म्हणजे सकाळी हुकूम, दुपारी पेटी. कुणाला सांगायचं नाही, निरोप घ्यायचा नाही. कुठे तर दक्षिणेकडे, कुष्ठरोग्यांच्या वस्तीत. का, ते कोणी विचारत नाही. तिनं स्वतः मागून घेतली असं फिलोमिना पुढे एकदा बोलून गेली. खरं-खोटं तीच जाणे.

पण गाडी मलाच जुंपायची होती. तेव्हा सरूला कळलं, आणि सरूला कळलं म्हणजे खाणीला कळलं. रेल्वेच्या फाटकाशी बायका उभ्या होत्या. हातात कुणाच्या काही नाही. देऊन उपयोग नाही हे त्यांना आता माहीत होतं. भागीरथीला तेवढं पोरांनी बाजेसकट उचलून आणलं होतं.

फाटक बंद होतं, गाडी थांबली. सरू पुढे आली, चाकावर हात ठेवला. मला वाटलं, नमस्कार करेल. ती म्हणाली, "बाय, एक इचारतंय. आईन तुमका वळाखल्यान ना? ह्ये सांगतत, पण पुरषांचा काय खरा न्हय."

मी बैलाच्या कानाकडे बघत बसलो. गाडीत फिलोमिनाची माळ चालू होती, ती थांबली. मनोरीला ओट्यावरून तिनंही सगळं ऐकलं होतं.

"वलखला गो," बर्नाबाय म्हणाली. "हात सोरतच नव्हती. बोलली, तुज्या त्या मैतरणीनं माजी पाठ बरी केली. तिला देव बरा करो."

सरूचं तोंड असं उजळलं की काय सांगू. तिनं बर्नाबायच्या पायाला हात लावला. बर्नाबायनं तिला लावू दिला. एरवी ती कुणाला पाया पडू द्यायची नाही.

मालगाडी गेली, फाटक उघडलं. मी बैल हाकलला. खाली उतरल्यावर मी पेटीला हात घातला तर म्हणाली, राहू दे, हलकी हाय. मग बैलासमोर जाऊन उभी राहिली.

"ह्याचा नाव काय रे?"

इतकी वर्षं त्याच्यामागे बसत आली, पण कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, पाखऱ्या.

"पाखऱ्या," ती म्हणाली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. तिथंच उभी राहिली. फिलोमिना म्हणाली, सिस्टर, वेळ झाली. तरी उभीच. बैलाला वाटलं, खायला काहीतरी आहे. त्यानं जीभ काढली आणि तिची बाही मनगटापासून कोपरापर्यंत चाटली. तिनं ओढून घेतली नाही, पुसलीही नाही. पेटी उचलली आणि ती ओली बाही घेऊन तशीच स्टेशनचा जिना चढून गेली.